एकाच टँकमध्ये दोन-तीन प्रकारचं कार्पेट

प्रश्न : नमस्कार दादा, माझा 60 लिटरचा पाणवनस्पतींचा टँक (अ‍ॅक्वेरियम) आहे, झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) चालू आहे. पुढच्या भागात कार्पेटसाठी, म्हणजे तळ झाकणारी बुटकी झाडं म्हणून, मॉन्टे कार्लो, ड्वार्फ हेअरग्रास आणि एचसी क्यूबा असं सगळं मिक्स लावायचं मनात आहे, जमेल का?

उत्तर : जमेल, पण तिन्ही नको, क्यूबा सोडा. त्याची पानं मॉन्टे कार्लोसारखीच दिसतात फक्त बारीक, आणि लाइट-सीओटू जरा कमी पडला की तेच आधी रुसतं, मग मॉन्टे कार्लो त्याच्यावरून पसरून त्याला झाकून टाकतं. हेअरग्रास आणि मॉन्टे कार्लो मात्र मस्त जोडी आहे, हेअरग्रास मातीखालून रनर (आडवे पसरणारे फुटवे) सोडतं आणि मॉन्टे कार्लो मातीवरून सरपटतं, त्यामुळे काही महिन्यांत गवताच्या काड्या हिरव्या गालिच्यातून वर येतात, मला तर हे एकसारख्या कार्पेटपेक्षा कितीतरी जास्त खरं वाटतं. पण सुरुवातीलाच सरमिसळ करू नका हां, वेगवेगळे पट्टे लावा, छोटे छोटे झुबके करून 2-3 सेंमी अंतरावर, आणि सीमेवर त्यांना आपोआप मिसळू द्या.

ट्रिमिंग टाळू नका, हे कळकळीने सांगतो. मॉन्टे कार्लोचा थर जाड झाला की खाली उजेड पोचत नाही, तळ कुजतो आणि अख्खी चटई सुटून वर तरंगते. हेअरग्रासही तेव्हाच कापा, आणि कापलेले तुकडे जाळीने लगेच काढा.

तिसरं काही हवंच असेल तर दगडांच्या कडेला स्टॉरोजाइन रेपेन्स हे बुटकं झुपकेदार झाड लावा.