बोल्टांची चार भोकं

"मॅडम, खातं बदललं म्हणजे पुढची पायरी गेटबाहेरच ना?" गोव्यातली कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या, वेर्णा असो, कुंडई असो की बेतोडा, कंपनीत फेररचनेची पत्रं निघाली की समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच. इतक्यांदा ऐकला की शेवटी एकाची गोष्ट लिहायला घेतली. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

फोंड्याकडचे गृहस्थ, वय 48. औषध कंपनीत ब्लिस्टर पॅकिंगच्या, म्हणजे गोळ्या खळग्यांच्या पाकिटात सील करणाऱ्या मशीनवर 17 वर्षं. ती लाइन बंद झाली आणि त्यांना क्वालिटीत बॅच रेकॉर्ड, म्हणजे औषधाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदी, तपासायला बसवलं. पगार तोच. "पोरं कॉम्प्युटरवर खटाखट करतात, मी आपला फायली चाळतो."

पहिल्या तीन भेटी मी नव्या कामाचे फायदे समजावण्यात घालवल्या. चूक माझीच. चौथ्या वेळी सहज विचारलं, "मशीन शेवटचं कधी पाहिलंत?"

बराच वेळ ते टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले.

"चवथीच्या रजेवर होतो. पाच दिवसांचा गणपती पोचवून आलो, तर जागा रिकामी. जमिनीत बोल्टांची चार भोकं. गणपतीला निरोप देतो आपण. हिला कोणी दिला?"

माणसं बदल कसा पचवतात यावर लिहिणारे विल्यम ब्रिजेस यांची मांडणी मला म्हणूनच जवळची वाटते: बदल एका दिवसात होतो, मनाचं स्थलांतर मात्र जुनं सुटण्यापासून सुरू होतं. एचआरचं ट्रेनिंग थेट नव्यापासून. मी त्यांना म्हटलं, त्या मशीनचं जे कुठल्याच कागदावर नाही, ते लिहून आणा. अर्धी वही भरली! फॉइलचा रोल बदलला की सील कुठं कच्चं राहतं, आवाज कसा बदलतो, मग लीक टेस्टला, म्हणजे पाकीट गळतं का ते पाहताना, निळं पाणी गोळीच्या खळग्यात कसं उतरतं.

वही मिटता मिटता स्वतःच म्हणाले, "म्हणजे तिकडं बसून हेच पकडायचंय की." ते वाक्य माझ्या जिभेवर कधीचं होतं; गिळलं, याचा थोडा अभिमान आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर पदनाम, श्रेणी, पगार, जुनी सेवा धरली जाईल का, नव्याने प्रोबेशन आहे का, हे लेखी मागा. शिकवणार कोण आणि किती दिवस, तेही. 'काळजी करू नका' हे उत्तर नव्हे. लेखी द्यायला टाळाटाळ झाली, तर तुमची शंका रास्त आहे. बायोडाटा तयार ठेवा. आणि जुन्या जागी एकदा जाऊन या, जमलं तर सामान हलण्याआधी.

परवा त्यांचा फोन आला. "मॅडम, आज एका रेकॉर्डवर सही केली नाही. रोल बदलल्यावर लीक टेस्ट घेतलेलीच नव्हती."