वाचकांचे प्रश्न : दुभत्या मेंढ्या आणि वेताचे गणित

प्रश्न : १२० दुभत्या मेंढ्या आहेत. सगळ्या एकाच सुमारास वितात. पाच-सहा महिने दूध आवरत नाही आणि मग भांडी कोरडी. वर्षभर दूध राहील असे वेळापत्रक कसे बसवावे?

उत्तर : दूध कधी हवे ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. मेंढीचा गाभण काळ १४७ ते १५० दिवसांचा. माज दर १७ दिवसांनी येतो आणि २४ ते ३६ तास टिकतो. म्हणून नर कळपात ३४ ते ३६ दिवसच ठेवावा. तेवढ्यात प्रत्येक मेंढीला दोन संधी मिळतात आणि त्या तुकडीची विण्याची धांदलही पाच आठवड्यांत उरकते. बारा महिने नर कळपात फिरत असेल, तर वेळापत्रक कागदावरच राहते.

तुमच्या मेंढ्या विल्यापासून साधारण २०० दिवस दूध देत असतील, तर ६०-६० च्या दोन तुकड्या सहा महिन्यांच्या अंतराने विऊ द्या. पहिली आटत येईपर्यंत दुसरी सुरू होते. दूध १५० दिवसांतच संपत असेल, तर चार महिन्यांच्या अंतराने ४०-४० च्या तीन तुकड्या बऱ्या. वर्षाला एक वेत धरले, तर विल्यानंतर सुमारे २१७ व्या दिवशी नर सोडायचा. दोन वर्षांत तीन वेतांचा सल्ला अनेक जण देतात. मांसासाठी ते ठीक. दुधाच्या कळपात मात्र ९५ व्या दिवशी, दूध चालू आणि अंग उतरलेले असताना मेंढी भरवावी (नराकडून फळवावी) लागते. गाभ राहण्याचे प्रमाण घसरते आणि वेळापत्रक तिथेच कोलमडते.

खरी अडचण दुसऱ्या तुकडीची. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांतल्या जाती दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. हंगामाबाहेर भरवायच्या तर दोन वाटा आहेत. पहिली बिनखर्ची : किमान महिनाभर नर इतका लांब ठेवा की त्याचा वास, आवाज काहीच मेंढ्यांपर्यंत पोहोचणार नाही, आणि मग एकदम कळपात सोडा. दोन-तीन दिवसांत बीज सुटते, पण तो माज मुका असतो. दिसणारा माज १८ व्या आणि २४ व्या दिवसाच्या आसपास, अशा दोन लाटांत येतो. म्हणून पहिले १४ दिवस नसबंदी केलेला नर ठेवावा आणि मग पैदाशीचा सोडावा. हा उपाय नैसर्गिक हंगामाच्या तोंडावर चांगला लागू पडतो, भर विश्रांतीच्या काळात क्वचितच.

दुसरी वाट पशुवैद्यकाच्या हातची : १२ ते १४ दिवस योनीत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा स्पंज आणि तो काढताना पीएमएसजी या बीज सुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाचे ४०० ते ५०० युनिट टोचायचे. इथे नर कमी पडतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एरवी ३० ते ४० मेंढ्यांना एक पक्व नर पुरतो. स्पंज काढल्यावर मात्र सगळ्या दोन दिवसांत माजावर येतात, तेव्हा ५ ते ७ मेंढ्यांमागे एक नर हवा. तेवढे नर नसतील, तर स्पंज तीन-चार दिवसांच्या फरकाने, गटागटाने काढा.

प्रश्न : नर लावून तीन आठवडे झाले आणि बऱ्याच मेंढ्या उलटल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या. दोष कोणाचा?

उत्तर : नराच्या छातीला रंगाची कांडी बांधा आणि दर १७ दिवसांनी रंग बदला, फिक्याकडून गडदाकडे. जवळजवळ सगळ्याच मेंढ्यांवर दुसरा रंग चढला, तर संशय नरावर. दोन नर असतील, तर दोघांचे गट वेगळे करा, म्हणजे कोणता ते कळेल. तुरळक मेंढ्याच उलटल्या असतील, तर त्यांची अंगस्थिती पाहा. वीर्य तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागतात. त्यामुळे दीड महिन्यापूर्वी नराला आलेला ताप किंवा त्याने सोसलेले कडक ऊन आज नडते, आणि तोवर तो दिसायला ठणठणीत झालेला असतो. खूर, दात, अंडकोश यांची तपासणी नर सोडण्याच्या दोन महिने आधी करा. आदल्या दिवशी करून हाती काही लागत नाही.

प्रश्न : कोकरे रात्री वेगळी बांधून सकाळी धार काढतो, दिवसभर ती आईजवळ असतात. दूध बरे निघते, पण फॅट अगदी कमी. खुराक वाढवू का?

उत्तर : नको, खुराकाचा संबंध नाही. कोकरू दिवसभर पिणार असेल, तर मेंढी यंत्राला पूर्ण पान्हा सोडत नाही. कासेच्या पोकळीत साठलेले पातळ दूध निघते आणि फॅटने भरलेले वरच्या ग्रंथींतले दूध ती राखून ठेवते. ३० दिवसांनी कोकरे दुधावरून तोडली की फॅट आपोआप सावरते. तोवर हे दूध चीज किंवा पनीरसाठी एकटे वापरू नका, आधीच तोडलेल्या मेंढ्यांच्या दुधात मिसळा. चीक पाजून २४ तासांत कोकरू वेगळे केले तर विक्रीचे दूध सर्वात जास्त मिळते, पण कृत्रिम दुधाचा खर्च आणि राबणारे हात आधी मोजा.

प्रश्न : सात महिन्यांची पाठ (अजून न व्यालेली तरुण मेंढी) भरवावी का?

उत्तर : वय पाहू नका, वजन करा. जातीच्या पक्व वजनाच्या ६५ ते ७० टक्के भरले तरच. तिला वेगळ्या गटात ठेवा, कारण मोठ्या मेंढ्या तिला गव्हाणीपर्यंत येऊ देत नाहीत.

प्रश्न : आटवायचे कधी आणि कसे?

उत्तर : विण्याच्या ६० दिवस आधी. दूध आधीच कमी असेल, तर धार एकदम बंद करा. दिवसाआड काढत राहिलात तर कास पुन्हा भरते आणि कासदाहाला वाट मिळते. आटवण्याच्या आठवड्यात खुराक बंद आणि साधा कोरडा चारा. पाणी मात्र तोडू नका. शेवटच्या सहा आठवड्यांत गर्भाची बहुतेक वाढ होते आणि पोटातली जागा घटते, म्हणून तेव्हा खुराक पुन्हा हळूहळू चढवा. जुळी असलेली मेंढी कळपापासून बाजूला, सुस्त, आंधळ्यासारखी उभी दिसली, तर तो गाभणपणातला कीटोसिस (खाणे अपुरे पडून अंगातली चरबी वितळल्याने होणारा आजार) समजा आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा. गाभण काळाच्या ४५ ते ९० दिवसांत सोनोग्राफी करून जुळ्यांच्या मेंढ्या वेगळ्या काढल्या असतील, तर ही वेळ सहसा येत नाही.