पार्ट नंबर तोच, रीळ नवे आणि बोर्ड नापास

प्रश्न : आमच्या छोट्या कारखान्यात औद्योगिक कंट्रोलरचे बोर्ड जुळवले जातात आणि प्रत्येक बोर्ड इन-सर्किट टेस्टरवर (बोर्डावर बसवलेला एकेक भाग जागीच मोजणाऱ्या यंत्रावर) तपासला जातो. १० मायक्रोफॅरडच्या एक्स५आर (सिरॅमिकची एक प्रचलित जात) सिरॅमिक कपॅसिटरचे नवे रीळ लावल्यापासून रेग्युलेटरच्या इनपुटवरचा तो कपॅसिटर 'कमी' दाखवून नापास होत आहे. पार्ट नंबर तोच आहे, आवक तपासणीत एलसीआर मीटरवर (सुट्या भागाची क्षमता मोजणाऱ्या मीटरवर) माल मर्यादेत बसतो आणि नापास बोर्ड टेबलावर चालवून पाहिले तर व्यवस्थित चालतात. टेस्टची खालची मर्यादा सैल करून मोकळे व्हावे का? (एक वाचक, सातपूर, नाशिक)

उत्तर : तूर्त तरी करू नये. आपला मीटर आणि आपला टेस्टर हे दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता अधिक आहे, कारण ते एकच कपॅसिटर वेगवेगळ्या व्होल्टेजवर मोजतात. एक्स५आर आणि एक्स७आर जातीच्या कपॅसिटरमधील बेरियम टायटनेट या सिरॅमिकची क्षमता लावलेल्या व्होल्टेजनुसार बदलते. १० मायक्रोफॅरडपर्यंतच्या अशा भागांची क्षमता उत्पादक साधारणपणे १ किलोहर्ट्झ आणि १ व्होल्टवर मोजून जाहीर करतात. इन-सर्किट टेस्टर मात्र बोर्डावरील डायोड व आयसींची जंक्शने सुरू होऊ नयेत म्हणून ०.१ ते ०.२ व्होल्टवरच मोजतो, आणि इतक्या कमी व्होल्टेजवर तोच भाग १५-२० टक्के कमी दिसला तर त्यात नवल नाही.

मग जुन्या रिळाला हे का झाले नाही? त्याच आकारात तीच क्षमता बसवताना उत्पादक सिरॅमिकचे थर पातळ करतो, थरांची संख्या वाढवतो किंवा मिश्रणात फेरफार करतो. डेटाशीटवरचा (उत्पादकाच्या माहितीपत्रकावरचा) १० मायक्रोफॅरड आणि टॉलरन्स (मान्य फरक) कायम राहतात, पण व्होल्टेजप्रमाणे क्षमता किती हलते याचा आलेख बदलतो. आपल्या टेस्टची मर्यादा बहुधा जुन्या मालाच्या नमुन्यांवरून ठरवलेली असावी. म्हणजे ती डेटाशीटची नसून जुन्या रिळाची मर्यादा आहे.

खात्री करणे सोपे आहे. दोन्ही रिळांतले काही सुटे कपॅसिटर घेऊन ते १ व्होल्टवर आणि ०.१ व्होल्टवर मोजावेत. १ व्होल्टवर दोन्ही सारखे आणि ०.१ व्होल्टवर नवे खाली आले, तर निदान झाले. मात्र मीटरची ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलची (भागावरचे व्होल्टेज ठरलेले राखण्याची) सोय चालू ठेवावी, कारण १ किलोहर्ट्झला १० मायक्रोफॅरडचा अडथळा जेमतेम १६ ओहम असतो आणि मीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध १०० ओहम असेल, तर पडद्यावर १ व्होल्ट लिहिलेले असूनही कपॅसिटरवर प्रत्यक्षात ०.१६ व्होल्टच्या आसपासच पडतात. आणखी एक गोष्ट म्हणजे वय : रिफ्लो ओव्हनमधील (भाग बोर्डाला डाखणाऱ्या भट्टीतील) उष्णतेने या कपॅसिटरची क्षमता पुन्हा वर येते आणि पुढे तासांच्या दर दसपटीला काही टक्क्यांनी उतरत जाते. म्हणून ओव्हनमधून नुकताच आलेला बोर्ड आणि आठवडाभर रॅकवर पडलेला बोर्ड यांची तुलना करू नये.

निदान पक्के झाले तरी मर्यादा नुसती सैल करू नये. ती ४ मायक्रोफॅरडपर्यंत खाली नेली, तर चुकून ४.७ मायक्रोफॅरडचे रीळ लागले तरी बोर्ड पास होईल, आणि नेमकी हीच चूक पकडण्यासाठी ती टेस्ट ठेवलेली असते. त्याऐवजी नव्या मालाच्या मोजमापावरून मध्यमूल्य खाली सरकवावे, पट्टा तेवढाच ठेवावा आणि बदलाचे कारण टेस्ट प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उत्पादकाचा डीसी बायसचा (डीसी व्होल्टेज लावल्यावर क्षमता किती उरते याचा) नवा आलेख मागवावा. थर पातळ झाले असतील, तर प्रत्यक्ष कामाच्या डीसी व्होल्टेजवर उरणारी क्षमता निम्म्याहूनही कमी असू शकते. आपले बोर्ड टेबलावर चालतात हे ठीक, पण पूर्ण भारावर व तापलेल्या कॅबिनेटमध्ये रेग्युलेटर स्थिर राहतो का, हे पाहिल्याशिवाय नवे रीळ मंजूर करू नये असे माझे मत आहे.

प्रश्न : नव्या लॉटचा मायक्रोकंट्रोलर बसवल्यापासून बाउंडरी स्कॅन (चिपमधल्याच सर्किटमार्फत तिच्या पिना व जोडण्या तपासणारी टेस्ट) आयडीकोडच्या, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक वाचण्याच्या, पायरीवरच थांबते. चिप बदलली असेल, तर उत्पादकाने कळवायला नको का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आयडीकोडचे ३२ बिट वाचून कोणते जुळत नाहीत ते आधी पाहावे. वरचे ४ बिट आवृत्तीचे असतात. फरक तेवढ्यातच असेल तर डाय (चिपमधला सिलिकॉनचा तुकडा) सुधारलेला आहे, आणि बीएसडीएल फाइलमध्ये (चिपच्या बाउंडरी स्कॅनचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) त्या जागी 'एक्स' घालून पुढे जाता येते. त्याखालचे १६ बिट भागाचे आणि ११ बिट उत्पादकाचे असतात. ते जुळत नसतील तर काम थांबवून माल बाजूला काढावा, कारण तो दुसराच किंवा बनावट भाग असू शकतो.

आयडीकोड सुटल्यावरही टेस्ट अधूनमधून घसरली, तर सिग्नलच्या कडांकडे पाहावे. लहान केलेल्या डायच्या आउटपुट कडा अनेकदा अधिक तीव्र असतात. बरेच आउटपुट एकदम पालटले की फिक्स्चरच्या (बोर्ड टेस्टरला जोडणाऱ्या साच्याच्या) लांब वायरींमुळे ग्राउंडचे व्होल्टेज क्षणभर उसळते आणि टीसीकेचा (टेस्टच्या क्लॉकचा) एक ठोका दोनदा मोजला जातो. टीसीकेची वारंवारता कमी करण्याचा मोह होतो, पण त्रास कडेचा असल्यामुळे त्याने सहसा भागत नाही. ग्राउंडच्या पिना वाढवाव्यात, टीसीकेची वायर ग्राउंडच्या वायरीशी पिळून आखूड करावी.

कळवण्याबाबत जे-एसटीडी-०४६ हे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचे मानक आहे. त्यानुसार मोठ्या बदलाची सूचना किमान ९० दिवस आधी द्यायची असते. पण सूचना मिळाल्यावर ग्राहकाने ३० दिवसांत पोच दिली नाही, तर बदल मान्य आहे असे धरले जाते. सूचना अधिकृत वितरकांच्या साखळीतूनच येतात, त्यामुळे पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून उचललेल्या मालाबद्दल आपल्याला कोणीही कळवणार नाही. अधिकृत वितरकाकडे नोंदवलेला ईमेल पत्ता खरेदी विभागात रोज कोण उघडतो, एवढे एकदा विचारून घ्यावे.