राजीनाम्याचा कागद आधी बाजूला ठेव

गुहागर

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. आईचे ऑपरेशन मिरजेला ठरले आहे, तुला निदान दीड महिना तिच्याजवळ राहावे लागणार आहे आणि तुझ्या वाडीवरच्या शाळेत दोनच शिक्षक असल्याने रजा मिळेल की नाही याची तुला धास्ती आहे, हे सारे समजले. मात्र 'रजा मिळणार नसेल तर राजीनामा देऊन मोकळी होते, पुढे सांगलीकडेच कुठेतरी लागेन' हे तुझे वाक्य वाचून मी अस्वस्थ झालो. तो कागद लिहून झाला असेल तर आधी बाजूला ठेव आणि मग पुढचे वाच.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आस्थापनेच्या टेबलावर मी अठ्ठावीस वर्षे काढली. शिक्षकांची सेवापुस्तके माझ्या कपाटात असत. आपल्याकडच्या पावसात त्या जाड पुठ्ठ्यांना बुरशी धरायची, पाने एकमेकांना चिकटायची, म्हणून दर ऑक्टोबरमध्ये मी ती ओळीने उन्हात मांडून एकेक पान सोडवत असे. त्या पानांवरून एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली. रजा आणि बदली हे दोन वेगळे विषय आहेत असे शिक्षकांना वाटते, पण सेवापुस्तकात दोन्हींचा प्रश्न एकच असतो: सेवा अखंड आहे की मध्ये खंड पडला आहे? वेतनवाढ, निवृत्तिवेतनाच्या योजनेतील वर्गणी आणि पुढच्या नोकरीत मागची वर्षे धरली जाणे या सगळ्यांचा आधार तोच आहे. शिक्षण सेवक म्हणून महिना ६,००० रुपयांवर तू तीन वर्षे काढलीस आणि त्यानंतर नियमित झालीस. पुढे, १ जानेवारी २०२३ पासून, प्राथमिकच्या सेवकांचे मानधन १६,००० झाले, ते तुझ्या वाट्याला आले नाही. इतक्या कष्टाने उभी केलेली सेवा एका कागदाने मोडू नकोस.

आता रजेचे. तुला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. नियमित झाल्यापासून तुझ्या खात्यावर वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा पडते, १ जानेवारीला १० आणि १ जुलैला १०. तुझी तीन वर्षे पुरी झाली आहेत, म्हणजे मध्ये काही वापरली नसेल तर ६० दिवस शिल्लक असायला हवेत. ही रजा वैद्यकीय कारणासाठी मिळते, तशीच खाजगी कारणासाठीही मिळते, आणि आईची शुश्रूषा हे खाजगी कारण आहे. तुझे पंचेचाळीस दिवस या साठात बसतात. त्या काळात वेतन निम्म्याने येईल, घरात ओढाताण होईल, हे मला कळते. पण सेवा जशीच्या तशी राहील.

या ठिकाणी तुला कोणीतरी दुसरा सल्ला देईलच, म्हणून तो आधीच खोडून काढतो. अर्धवेतनी रजेचे परिवर्तित रजेत रूपांतर केले की पूर्ण वेतन मिळते आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. तुझ्या ६० दिवसांचे असे ३० दिवस होतील. परंतु ही सवलत मुख्यतः कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारपणात, वैद्यकीय प्रमाणपत्रावर आहे. आईच्या आजारपणासाठी स्वतःच्या कंबरदुखीचे प्रमाणपत्र जोडण्याचा मार्ग तुला सहज दाखवला जाईल. त्या मार्गाने जाऊ नकोस. सक्षम अधिकारी दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करून घेऊ शकतो, रुजू होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि खोट्या प्रमाणपत्राचा ठपका एकदा लागला की तुझ्या खऱ्या आजारपणातही कोणी विश्वास ठेवत नाही. निम्मे वेतन गेलेले महिन्या-दोन महिन्यांत भरून निघते. तो ठपका मात्र निवृत्तीपर्यंत सोबत राहतो.

रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे वाक्य तुला कार्यालयात ऐकवले जाईल, आणि नियमात ते आहेही. कामाच्या निकडीमुळे अधिकारी रजा नाकारू शकतो. पण त्याच नियमाची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही: खात्यावर असलेली आणि अर्जात मागितलेली रजा तुझ्या लेखी विनंतीशिवाय दुसऱ्या प्रकारात बदलता येत नाही. 'अर्धवेतनी नको, बिनपगारी घ्या' असे तोंडी सांगितले गेले तर नम्रपणे अर्जावर तसे लिहून मागावे. द्विशिक्षकी शाळेची अडचण खरीच आहे. तुझे सहकारी पहिली ते पाचवी एकट्याने कसे सांभाळणार, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या आधी तू स्वतःच विचारात घ्यायला हवास. म्हणून अर्जासोबत केंद्रप्रमुखांना वेगळे पत्र दे आणि त्या दीड महिन्यासाठी केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांतील, एखादा शिक्षक तात्पुरता कामगिरीवर मिळावा अशी विनंती कर. ऑपरेशनची तारीख सुट्टीजवळ नेता येत असेल तर डॉक्टरांना विचार, कारण दीर्घ सुट्टीला जोडून ही रजा घेता येते आणि शाळेचे तेवढे दिवस वाचतात. नैमित्तिक रजा मात्र अशी जोडता येत नाही. ती अडीअडचणीच्या एक-दोन दिवसांसाठीच असते आणि वर्ष संपले की शिल्लक बुडते.

अर्ज दोन प्रतींत कर आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व सही घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस. एवढे बजावण्याचे कारण माझ्याच नोकरीत घडले आहे. नोकरीला दुसरे वर्ष होते. वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप संध्याकाळी आला. अर्ध्या फुलस्केपवर अर्ज खरडला, तो एका सहकाऱ्याच्या हाती दिला आणि मी वस्तीच्या एसटीने निघालो. एकोणीस दिवसांनी, वडिलांचे दिवसकार्य उरकून, परत आलो तेव्हा तो अर्ज कार्यालयात कुठेच नव्हता. मस्टरवर एकोणीस लाल रेघा होत्या आणि 'अनधिकृत गैरहजर' असा शेरा होता. अकरा महिने पत्रव्यवहार केल्यावर ती गैरहजेरी असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा म्हणून नियमित झाली, पण वैद्यकीय कारण नसल्याने तेवढे दिवस माझी वेतनवाढीची तारीख पुढे गेली. खात्यावर रजा शिल्लक होती. कमी होता तो एक पोच दिलेला कागद.

मुलगी लहान आहे म्हणून बालसंगोपन रजेविषयी विचारले आहेस. २०१८ च्या शासन निर्णयाने ती १८० दिवसांची, संपूर्ण सेवेसाठी आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत आहे. ती आईच्या आजारपणात खर्च करायची नसते. मुलीचे आजारपण आणि पुढे दहावीची परीक्षा यांसाठी ती राखून ठेव.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगतो. तुम्हा शिक्षकांना उन्हाळी व दिवाळीची सुट्टी मिळते, म्हणून लिपिकाला वर्षाला मिळते तशी ३० दिवसांची पूर्ण पगारी अर्जित रजा शिक्षकाला मिळत नाही. पण निवडणूक, जनगणना किंवा प्रशिक्षणासाठी तुला सुट्टीत बोलावले आणि ती सुट्टी उपभोगता आली नाही, तर त्या प्रमाणात अर्जित रजा खात्यावर जमा होते. त्यासाठी कामाचा आदेश आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र दोन्ही लागतात आणि नोंद त्याच वर्षी करून घ्यावी लागते. किती शिक्षकांनी मे महिन्याच्या उकाड्यात मतदान केंद्रावर काम केले आणि एकाही दिवसाची नोंद करून घेतली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अशी रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे रोखीकरण होते, म्हणून हळहळ वाटते.

सांगलीला जाण्याचा रीतसर मार्ग आंतरजिल्हा बदलीचा. २०१७ पासून ही प्रक्रिया संगणकावर चालते. तिकडच्या जिल्हा परिषदेत तुझ्या प्रवर्गाची जागा बिंदूनामावलीनुसार, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीनुसार, रिक्त असावी लागते. यजमान तिकडे नोकरीत असल्याने पती-पत्नी एकत्रीकरणाखाली प्राधान्य मिळते. त्यांच्या नियुक्तीचे पुरावे आणि विवाहाची नोंद आताच एका फायलीत लाव. तिकडून कोकणात येऊ इच्छिणारा समान पदाचा शिक्षक सापडला तर आपसी बदलीही होऊ शकते. साध्या आंतरजिल्हा बदलीत वेतन आणि सेवा टिकते, पण ज्येष्ठता जाते. नव्या जिल्ह्यात तुझे नाव ज्येष्ठता यादीच्या तळाशी लागते आणि मुख्याध्यापकपदाची पदोन्नती तेवढी लांबते. घराजवळ राहण्याची ती किंमत आहे. मी तुझ्या जागी असतो तर दिली असती, पण मोजून दिली असती.

तू लिहितेस की गावाला सोडून जाण्याचा विचारही अपराधासारखा वाटतो, कारण तुझ्या आधीचे दोघेही घाटावर परत गेले. मी इथलाच माणूस आहे. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदलीने शिक्षक मोठ्या संख्येने कार्यमुक्त झाले आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवरच्या शाळांना शिक्षक उरला नाही, तेव्हा पालक पंचायत समितीच्या दारात येऊन उभे राहिले होते. त्याचे मला आजही वाईट वाटते. परंतु ती जागा वेळेत भरणे हे तुझे काम नव्हे. इथल्या डी.एड. झालेल्या मुलामुलींना इथे नेमावे ही आमची मागणी आहे, आणि ती आम्ही शासनाकडे करू, तुझ्याकडे नाही. तुझ्याकडून अपेक्षा इतकीच की जाताना चार्ज पूर्ण देऊन जा. विद्यार्थ्यांच्या नोंदींचे जनरल रजिस्टर, शाळेच्या सामानाची जडवस्तू संग्रह नोंदवही आणि पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक हे सगळे यादी करून सहीनिशी ताब्यात दे, म्हणजे मागे राहणाऱ्याची पंचाईत होणार नाही.

दुसरा मार्ग पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, तिकडच्या माध्यमिक शाळेत निवड होण्याचा. तो खुला आहे, पण त्यासाठी अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत ना-हरकत प्रमाणपत्र घेऊनच कर. निवड झाल्यावर द्यायचा राजीनामा 'अमुक पदावर नियुक्ती झाल्याने तांत्रिक राजीनामा' अशा शब्दांत असावा आणि तो स्वीकारल्याच्या आदेशातही तेच शब्द यावेत. वैतागून दिलेला साधा राजीनामा आणि हा राजीनामा दिसायला सारखे असतात, पण पहिल्याने मागची सारी सेवा पुसली जाते. सोबत अंतिम वेतन प्रमाणपत्र, अद्ययावत सेवापुस्तक आणि रजा खात्याचा उतारा घे. तुझी नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ नंतरची आहे, म्हणून तुला वर्गणीची निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्या खात्याचा प्रान क्रमांक आणि पगाराच्या संगणक प्रणालीतला शालार्थ क्रमांक नव्या ठिकाणी तेच चालू राहतील हे पहिल्या पगाराआधी तपासून घे.

शेजारच्या खोलीतल्या तुझ्या मैत्रिणीला, जी अनुदानित हायस्कूलमध्ये आहे, माझा निरोप सांग. तिला १९७७ चा खाजगी शाळांचा सेवाशर्ती अधिनियम लागू आहे. त्यात राजीनामा दोन प्रतींत करावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी असे म्हटले आहे. कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. टंकलिखित कागदावर कोणी आगाऊ सही मागितली तर ती देऊ नये. सेवेतून काढले गेले तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास ३० दिवसच असतात, हेही तिने लिहून ठेवावे.

येत्या रविवारी सकाळच्या फेरीबोटीने दाभोळहून धोपाव्याला उतर आणि गुहागरची एसटी धर. येताना तुझ्याकडची सेवापुस्तकाची दुय्यम प्रत, आईच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि कोरे फुलस्केप घेऊन ये. रजा खात्याच्या पानावर १ जुलैची नोंद पडली आहे का ते आधी पाहू, आणि पडली नसेल तर रजेच्या अर्जाबरोबरच ती घेण्याचाही अर्ज लिहू. सोमवारी शाळा भरण्याआधी दोन्ही अर्ज मुख्याध्यापकांच्या हाती पडले पाहिजेत. आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका