क्रशरच्या रोटरसाठी सर्वांत कठीण टंगस्टन कार्बाइडच घ्यावे का?

व्हीएसआय क्रशरच्या (वेगाने फिरणाऱ्या रोटरमधून दगड भिरकावून फोडणारे यंत्र) रोटर टिपा, म्हणजे रोटरच्या कडेला पोलादात बसवलेल्या कार्बाइडच्या पट्ट्या, लवकर झिजतात, तर सर्वांत कठीण ग्रेडचे टंगस्टन कार्बाइड घ्यावे का आणि त्याची किंमत वसूल होते का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि हेच एका खरेदी अधिकाऱ्यांना पटवताना माझी बरीच शक्ती खर्च झालेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुर्भ्याच्या बाजूला क्रश सँड तयार करणाऱ्या एका प्लांटची देखभाल माझ्याकडे होती. कोटेशनमध्ये कठीणपणाचा आकडा ज्याचा मोठा त्याचा माल उत्तम, असा हिशेब करून साहेबांनी 6 टक्के कोबाल्टचा, बारीक कणांचा ग्रेड मागवला. आधीच्या, जास्त कोबाल्टच्या आणि जाड कणांच्या टिपा झिजत असल्या तरी फुटत नाहीत, अशी लेखी हरकत मी नोंदवली होती; ती फाइलला लागली. नव्या टिपा बसवल्यावर थोड्याच दिवसांत रोटर थरथरू लागला. झिजलेल्या टिपेला मालाच्या वाटेवर गुळगुळीत खोबण पडते. इथे मात्र कार्बाइडच्या पट्टीची कड टवके उडून पायरीपायरीने तुटली होती आणि उघड्या पडलेल्या पोलादाला खडीने खळगा पाडला होता. दगडाबरोबर लोखंड आले, असे पुरवठादाराने सांगितले. ते येणारच, पोकलेनच्या बकेटचा दात कधी निखळून पट्ट्यावर पडेल याचा नेम नसतो, आणि म्हणूनच चिवट ग्रेड हवा होता.

कार्बाइडचे कण झीज सोसतात आणि त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट धक्का सोसतो. कोबाल्ट कमी करून कण बारीक केले की कठीणपणा वाढतो, पण चिवटपणा घटतो. तार ओढण्याच्या डायला 6 टक्क्यांचा ग्रेड शोभतो. सेकंदाला 50 ते 70 मीटर वेगाने फिरणाऱ्या रोटरच्या टोकावर मोठा दगड येत असेल, तर तो शोभत नाही. तेव्हा कोटेशन मागवतानाच कोबाल्टची टक्केवारी आणि कणांचा आकार लेखी मागा, आणि ग्रेडचा निर्णय ज्याला रात्री रोटर उघडावा लागतो त्याच्यावर सोपवा. नुसती किंमत पाहून टिपा निवडणाऱ्या माणसाने कार्यालयासाठी पंखे खरेदी करावेत.

किंमत वसूल होते का, हे आपला दगड आणि तासाचा माल कळल्याशिवाय सांगता येणार नाही. नगाचा दर न पाहता एका टिपेमागे किती टन माल निघाला ते पाहावे. आपल्याकडे फीड, म्हणजे क्रशरमध्ये जाणारा दगड, बारीक, एकसारखे आणि पट्ट्यावरच्या लोखंड काढणाऱ्या चुंबकाखालून गेलेले असेल, तर मात्र कठीण ग्रेड खरोखरच जास्त टिकतो, हेही मान्य करतो. टिपा स्वतः ब्रेझ करून (पितळेसारखा धातू वितळवून पोलादाला जोडून) घेत असाल, तर जोड पाण्यात बुडवू देऊ नका. तापल्यावर पोलाद कार्बाइडच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे घाईने थंड केलेली पट्टी रोटरवर चढण्याआधीच तडकलेली असू शकते.