‘अब्रू’, ‘अतिप्रसंग’, ‘वीरांगना’ की ‘बलात्कार’?

प्रश्न ग्वाल्हेरहून आला आहे. लश्कर भागातल्या एका ताईंच्या महिला मंडळाने आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी लैंगिक हिंसेवर बैठक ठरवली आहे. फलक मराठीत लिहायचे आहेत. ज्येष्ठ बायका म्हणतात, ‘बलात्कार’ हा शब्द मुलांपुढे नको. ‘अतिप्रसंग’ लिहा, नाहीतर ‘अब्रूवर घाला’. शिवाय ‘पीडिता’ऐवजी ‘वीरांगना’ म्हणावं अशीही सूचना आहे. योग्य काय?

ताई, जिथे बलात्कार म्हणायचं आहे तिथे बलात्कारच लिहा.

‘अब्रू’ मूळ फारसी ‘आबरू’. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं तेज, म्हणजे चारचौघांतला लौकिक. मग ‘तिची अब्रू लुटली’ या वाक्यात नुकसान कशाचं झालं? लौकिकाचं. तिच्या शरीराचा, भीतीचा, मर्जीचा त्यात उल्लेखच नाही. आणि लौकिक तिच्या एकटीचा नसतो, घराण्याचा असतो. म्हणून तक्रार करायची की नाही हे घराणं ठरवतं, आणि फार वेळा ‘वाच्यता नको’ असंच ठरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की नोंदलेल्या बलात्कारांपैकी दहात नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. त्याला आपली वाच्यताभीती चांगली ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. ‘मुलाची अब्रू लुटली’ असं मराठीत कोणी म्हणत नाही. मग ज्या बारा वर्षांच्या मुलावर अत्याचार होतो त्याने घरी येऊन कोणत्या शब्दांत सांगायचं? २०१२चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आपल्या फलकानेही करू नये.

‘अतिप्रसंग’ हा तर न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला शब्द: एखादा नियम नको तितका ताणला जाणं. मराठीत त्याचा अर्थ आगळीक झाला, आणि आगळीक कोणतीही असू शकते. आपल्याकडच्या हिंदी वर्तमानपत्रांतले ‘ज्यादती’ आणि ‘दुष्कर्म’ तसेच पसरट, चोरीही दुष्कर्मच. ‘विनयभंग’ कायद्याच्या मराठीत रुळला आहे, गुन्ह्याचं नाव म्हणून तो वापरावाच लागेल. पण विनय म्हणजे नम्रता, मर्यादा. तिथेही मोडतं ते बाईचं काहीतरी. असे गुन्हे किती हलके मानले जातात याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ३० जुलै २०२० रोजी विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी ती रद्द केली आणि न्यायालयाच्या आज्ञेने विनयभंग करणारा भाऊ होतो, हे मान्य नसल्याचं स्पष्ट सांगितलं.

आता ‘बलात्कार’. बल या शब्दाची पंचमी बलात्, म्हणजे बळाने. तसं केलेलं ते बलात्कार. संस्कृतात सावकाराने ऋणकोला अडकवून सक्तीने कर्ज वसूल करणं यालाही बलात्कार म्हणत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ‘बलात्’ दिलेलं, भोगलेलं, लिहून घेतलेलं सगळं न केल्यासारखंच मानावं असं सांगितलं आहे. शब्दाचा सारा भार बळ वापरणाऱ्यावर आहे. लौकिक, शील, मर्यादा त्यात कुठेच नाही. इतका नेमका शब्द हाताशी असताना तो झाकायचा कशाला?

फक्त क्रियापद सांभाळा. ‘तिच्यावर बलात्कार झाला’ हे वाक्य ‘अपघात झाला’च्या चालीवर जातं आणि करणारा गायब होतो. ‘त्याने बलात्कार केला’ असं लिहा. खटला चालू असेल तर ‘केल्याचा आरोप आहे’ लिहा, पण कर्ता ठेवा.

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन मात्र या बैठकीत मुद्दाम खोडून काढा. १९७२मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण होतं. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: निमूट सोसणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातून चळवळ उभी राहिली, १९८३मध्ये कायदा बदलला. आणि २०१३पासून कायद्यातच लिहिलं आहे की केवळ प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असं नाही.

‘वीरांगना’ची सूचना मायेने आलेली आहे. राणी लक्ष्मीबाईंची समाधी ज्या गावात आहे तिथे हा शब्द सुचणारच. पण त्याचा अनुभव शेजारी घेतला गेला आहे. १९७१च्या युद्धात ज्या स्त्रियांवर बलात्कार केले गेले त्यांना बांगलादेश सरकारने आदराने ‘वीरांगना’ (बंगालीत ‘बीरांगोना’) ही पदवी दिली. समाजाने त्या पदवीचीच कलंकाची खूण केली. काहींनी तर एक स्वर बदलून ‘बारांगना’, म्हणजे आपल्याकडची ‘वारांगना’ (वेश्या), असं हिणवलं. अनेकींना स्वातंत्र्यसैनिक म्हणून नोंद मिळायला २०१५ उजाडलं. गौरवाचा शब्दही प्रतिष्ठेचंच माप लावतो, आणि प्रतिष्ठा ज्यांनी दिली तेच ती काढूनही घेतात.

आंतरराष्ट्रीय कायदाही याच वाटेने चालत आला. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २७व्या कलमात बलात्काराचा उल्लेख आहे, पण स्त्रीच्या अब्रूवरचा हल्ला म्हणून. १९९८मध्ये रवांडाच्या नरसंहाराचा खटला चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने अकायेसू या आरोपीवरच्या निकालात बलात्काराची व्याख्या केली: बळजबरीच्या परिस्थितीत केलेलं लैंगिक स्वरूपाचं शारीरिक आक्रमण. भोवती हत्यारबंद माणसं असतील तर ती परिस्थितीच बळजबरीची, वेगळी झटापट सिद्ध करायला नको. अब्रू गेली, ‘बलात्’ राहिलं. आणि बोस्नियाच्या युद्धावरच्या खटल्यांत पुरुष कैद्यांवरचे लैंगिक अत्याचारही नोंदले गेले.

‘पीडिता’ चालेल, पण ‘पीडित व्यक्ती’ बरं. त्यात मुलगेही येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये काढलेल्या पुस्तिकेत म्हटलं आहे की त्या व्यक्तीला स्वतःसाठी जो शब्द हवा असेल तो मानावा. मला हे पटतं. नाव ठेवायचा हक्क तिचा.

बैठकीत गावातली एखादी घटना निघालीच तर त्या मुलीचं नाव, शाळा, गल्ली कोणीही उच्चारू नये. भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाप्रमाणे पीडितेची ओळख छापणं, प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. आणि प्रत्येक फलकाखाली १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक मागच्या रांगेतूनही वाचता येतील एवढ्या मोठ्या आकड्यांत लिहा.