प्ले-बाय-पोस्ट आरपीजी: लिखाण बेताचं असेल तर सुरुवात करावी का?

प्रश्न: टेबलटॉप आरपीजी (पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचे खेळ) समोरासमोर बसून खेळलोय, प्ले-बाय-पोस्ट, म्हणजे ऑनलाइन पोस्टी लिहून, कधीच नाही. सुरुवात कशी करावी, सिस्टिम कुठली घ्यावी? माझं लिखाण बेताचं आहे, बाकीचे खेळाडू वैतागतील का?

वैतागतील ना. निदान एक जण तरी वैतागेलच. माझ्यावरही एक जण वैतागला होता, आणि त्याला तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर मी आज तुमच्या प्रश्नाखाली लिहितेय, हे आधीच कबूल करून टाकते.

माझा पहिला डाव. डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्सची) पाचवी आवृत्ती, पहिली लेव्हल, आम्ही पाच खेळाडू आणि एक जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर. माझं पात्र डुर्गन नावाचा ड्वार्फ चोर. (क्लासचं, म्हणजे पात्राच्या पेशाचं, खरं नाव 'रोग', पण ते देवनागरीत लिहिलं की पात्राला काहीतरी झालंय असं वाटतं.) दिवसाला एक पोस्ट हा नियम. पहिले दोन आठवडे मजेत गेले. मग आम्ही एका तळघरात उतरलो आणि जीएमने लिहिलं: "समोर लोखंडी दार. कुलूप गंजलेलं. पलीकडून पाणी ठिबकल्याचा आवाज येतोय. काय करता?"

पॅलॅडिनवाल्याने (पॅलॅडिन म्हणजे धर्मयोद्धा) सातेकशे शब्द लिहिले. गंजाचा वास, त्या वासावरून बापाची तलवार, तलवारीवरून बापाचं मरण, मरणावरून पाऊस. वाचायला खरंच छान होतं. शेवटचं वाक्य होतं, "तो दाराकडे पाहत राहिला." दुसऱ्या दिवशी विझार्डवालीने लिहिलं की ती पॅलॅडिनकडे पाहतेय. तिसऱ्या दिवशी क्लेरिकने लिहिलं की तो सावधपणे उभा आहे. तीन दिवस, तीन माणसं, आणि दाराला कुणी बोटही लावलेलं नाही.

माझी पोस्ट अख्खीच इथे देते, कारण होतीच एवढी:

"डुर्गन कुलपाला कान लावतो, मग तारेने आत चाचपतो. सापळा सापडला तर हात काढून सगळ्यांना मागे सरायला सांगतो. नाही सापडला तर कुलूप उघडतो, दार मात्र ढकलत नाही. शोधायला 14, कुलपाला 17."

तासाभरात पॅलॅडिनवाल्याचा ओओसीत, म्हणजे पात्राबाहेरच्या गप्पांत, मेसेज. आत्ता कुठे वातावरण तयार होत होतं, मी त्याचा पार विचका केला, दोन ओळी खरडून फासेच टाकायचे असतील तर व्हिडिओ गेम खेळावा. जीएम भिडस्त. "थोडं थांबू या, सगळ्यांना लिहू दे" म्हणत त्याने माझी पोस्ट बाजूला ठेवली. 17 आले होते हो!

त्यानंतर आम्ही त्या दारासमोर अकरा दिवस उभे होतो. मीही हट्टाने मोठं लिहायला लागले. डुर्गनला एक मेलेली बहीण दिली, जिची त्याला काही गरज नव्हती. चारशे शब्द लिहायचे म्हणजे निवांत वेळ हवा, तो रोज मिळत नाही, म्हणून मी एक दिवसाआड लिहू लागले. बाकीच्यांचंही तेच झालं असणार. आधी रेंजर गायब, मग क्लेरिक, आणि एके दिवशी जीएमच आला नाही. पलीकडे काय ठिबकत होतं ते आजतागायत कळलेलं नाही.

तर तुमचं बेताचं लिखाण पुरतं. समोर बसून खेळताना तुम्ही "मी दार बघतो" म्हणता, जीएम "कसं बघतोस?" विचारतो आणि दहा सेकंदांत विषय संपतो. इथे त्या विचारण्याला एक दिवस जातो आणि सांगण्याला दुसरा. म्हणून काय करायचंय, कशासाठी, फासे किती आले आणि बेत फसला तर पुढे काय, हे सगळं एकाच पोस्टमध्ये आलं पाहिजे. यात मी काही नवीन शोध लावलेला नाही. पत्रांनी बुद्धिबळ खेळणारे हेच करत आलेत: तू घोडा मारलास तर मी उंटाने मारतो, अशी अटीची चाल आधीच लिहून पाठवायची, म्हणजे टपालाची एक खेप वाचते. एडिंबरा आणि लंडनच्या क्लबांमधला पत्रातला सामना 1824 मध्ये सुरू झाला तो 1828 पर्यंत चालला, आणि त्यात डाव होते पाच. खेप वाचवणं म्हणजे कलेचा खून, असं त्या मंडळींना कुणी ऐकवलं नसावं.

लढाईत तर हे फारच जाचतं. पाचव्या आवृत्तीत एक राउंड म्हणजे सहा सेकंद. इनिशिएटिव्हच्या (लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणाऱ्या फाशाच्या) क्रमाने एकेकाने वाट बघत लिहायचं आणि प्रत्येकाने एकेक दिवस घ्यायचा, तर पाच खेळाडू आणि शत्रू मिळून राउंडला सहा दिवस. चार राउंडची फुटकळ चकमक चोवीस दिवस चालते, आणि पात्रांच्या आयुष्यातले गेलेले असतात चोवीस सेकंद. तेव्हा डावात शिरण्याआधी जीएमला विचारा की इनिशिएटिव्ह गटाने आहे का. म्हणजे शत्रूपेक्षा ज्यांचा आकडा जास्त आला ते सगळे आधी, आणि त्यांच्यात जो पहिला येईल तो पहिला लिहील. तुमचे सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायला टाकायचे फासे) जीएम स्वतः टाकणार असेल तर आणखी उत्तम. "आम्ही काटेकोर क्रमानेच खेळतो" असं उत्तर आलं तर त्या डावात जाऊ नका.

आणि गायब होऊ नका. आजारपण, परीक्षा, नुसता कंटाळा, कारण काहीही असो. "दहा दिवस नाही, तोवर माझं पात्र जीएमने चालवावं" ही एक ओळ टाका. ड्रॅगनने मारलेला डाव मी अजून पाहिलेला नाही, सगळे असेच मुकाट्याने मेले.

आता पॅलॅडिनवाल्याच्या बाजूनेही थोडं, नाहीतर अन्याय होईल. माझ्या त्या पोस्टमध्ये डुर्गन कुठेच नव्हता. कान, तार, 14, 17. कुठल्याही चोराने तेच लिहिलं असतं. पुढे मी स्वतः जीएम झाले तेव्हा एका खेळाडूने लिहिलं, "कुलूप उघडते, आणि सवयीने पुन्हा लावून बघते." पाच शब्द जास्त, पण ही बाई कोण आहे ते आम्हा सगळ्यांना तिथल्या तिथे कळलं. दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या एका पात्राने तिला विचारलंही, कुणाच्या घराची कुलपं लावायचीस गं? तिथून डावाला जे वळण लागलं ते माझ्या टिपणांत कुठेच नव्हतं. तेवढं लिहा. शिवाय काही गट मुळात मोठं लिहिण्यासाठीच जमलेले असतात. तिथे माझ्यासारखी दोन ओळींवालीच त्रासदायक ठरते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आधी त्यांच्या जुन्या पोस्टी वाचून बघा, आठवड्याला किती येतात ते मोजा. तो डाव जिवंत आहे की नाही, तेही त्यातच कळेल.

सिस्टिमचं राहिलंच. ज्यात दोन सहाबाजू फासे टाकतात आणि 10 किंवा वर आलं की पूर्ण जमलं, 7 ते 9 ला जमलं पण किंमत मोजून, 6 किंवा खाली आलं की जीएमची पाळी, तशी एखादी घ्या. 2010 च्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून असे बरेच खेळ निघालेत. त्यात प्रत्येक फाशाने काहीतरी हलतंच. पाचव्या आवृत्तीत कुलूप उघडलं नाही की बहुतेक वेळा नुसतं उघडत नाही, आणि त्या "नाही"साठी तुमचे दोन दिवस गेलेले असतात. तरी मी स्वतः पाचवीच चालवते. 2023 च्या जानेवारीपासून तिचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहेत, आणि खेळाडूही तिलाच पटकन मिळतात.